देवराईला वळसा

१

"ताई, यंदा तुम्ही येऊ नका."

किशोर पाष्टे एवढंच म्हणाला. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता, कोकणातल्या वरच्या कोंडाचा, डोंगरमाथ्यावरच्या त्या वाडीचा वारा. बरकतपुऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात प्रमिलाताई बोधनकरांनी घाईघाईनं गॅस बंद केला, पण दूध उतू गेलं होतंच.

"काय झालं रे किशोर?"

"आमची पुळण बाजारात मांडलीय कुणीतरी. मोबाईलवर बघा. गावकीनं ठरवलं, हैदराबादच्या मंडळींना वाट बंद. मी तुमच्या बाजूनं बोलणार होतो, पण कुठल्या तोंडानं बोलू?"

प्रमिलाताईंची भाची केतकी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, मावशीकडेच राहायची. तिनं चहा संपायच्या आत जाहिरात शोधून दिली. 'हटके पाऊल' नावाच्या कुठल्याशा कंपनीची होती. कुणालाही ठाऊक नसलेला किनारा, नव्या वर्षाचा कॅम्प, शेकोटी, संगीत. आणि खाली नकाशावर एक लाल रेघ. पायथ्याच्या रस्त्यापासून निघून डोंगर चढून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या त्या उघड्या कातळावर जाणारी, तिथून देवराईपाशी, आणि मग घळीतून थेट समुद्रात पाय बुडवणारी.

प्रमिलाताईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. ही वाट त्यांनी देवराईत उभं राहून, हातात नारळ घेऊन, कुणालाही न दाखवायची शपथ घेतली होती.

नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुरा इथल्या हौशी मराठी माणसांचं हे पायपीट मंडळ. दर रविवारी शहराबाहेरचे धोंडे चढून पाय तयार करायचे आणि पौषात कोकणात जाऊन वाड्यावाड्यांतून समुद्रापर्यंत चालायचं, हा त्यांचा नेम. बाकीचे वरच्या कोंडावरून परत फिरत. शेवटचा टप्पा फक्त शपथ घेतलेल्यांचा. त्या पुळणीवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. उजेड दिसला, गोंगाट झाला की मादी आल्या पावली समुद्रात परत जाते. म्हणून गावानं ही अट घातलेली. फोन, घड्याळं, सगळं किशोरच्या ओटीवरच्या टोपलीत टाकायचं आणि मगच पुढं पाऊल टाकायचं.

शपथ घेतलेली माणसं पाच होती. त्यांतल्या दोघी या स्वयंपाकघरात बसल्या होत्या.

"मावशी," केतकी हळूच म्हणाली, "यू नो ना, ते आता सगळे माझ्याकडेच बघणार."

२

बघितलंच.

दुपारी नरहरभाऊ कंधारकरांच्या दिवाणखान्यात पाचही जण जमले. नरहरभाऊ मंडळाचे संस्थापक. पंच्याहत्तरीला टेकलेले, निवृत्त मुख्याध्यापक, आवाजात अजून वर्ग शांत करायची ताकद. प्रमिलाताईंचे यजमान गेले तेव्हा वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. या माणसानं एका रविवारी दारात उभं राहून "बूट घाल, चल" एवढंच म्हटलं होतं. त्या वर्षीच्या भाऊबीजेपासून प्रमिलाताई त्यांना ओवाळत आल्या होत्या. सख्खा भाऊ नव्हता त्यांना. हा होता, आणि तो पुरून उरला होता.

"पाचांतलाच कुणीतरी आहे," नरहरभाऊ म्हणाले. "मान खाली घालायची पाळी आली."

उदयराव निर्मलकर महसूल खात्यातून निवृत्त झालेले, उभा जन्म हैदराबादेत गेलेला. मंडळाचं पुढारीपण आपल्याकडे यावं ही त्यांची जुनी इच्छा कुणापासून लपली नव्हती. ते खाकरले. "मी साफ बोलतो, नाराज होऊ नका. गेल्या पौषात ह्या पोरीच्या हातात घड्याळ होतं. टोपलीत टाकलंच नव्हतं. देवराईच्या तोंडाशी भाऊंनीच काढून घेतलं की नाही? ते घड्याळ म्हणे रस्ता लिहून ठेवतं."

"मी विसरले होते!" केतकी उसळली. "आणि मागितल्यावर लगेच दिलं. पुढची वाट त्यात येईलच कशी?"

ओंकार हा चौथा. पुण्याचा, माधापुरात नोकरीला. तो डोकं खाजवत म्हणाला, "टेक्निकली, दोन घड्याळं असू शकतात."

"तुझ्याकडे असतील," केतकी म्हणाली.

नरहरभाऊंनी हात वर केला. सगळे गप्प झाले. मग ते अगदी मायेनं म्हणाले, "हे बघ केतकी, तू लहान आहेस. चूक होते. तू कबूल कर, मंडळ सोड, मी किशोरच्या हातापाया पडून गावाला समजावीन. बाकीच्यांची वाट तरी उघडी राहील. का प्रमिला?"

प्रमिलाताईंनी चाळीस वर्षं हैदराबादच्या कोर्टात वकिली केली होती. न केलेला गुन्हा कबूल करण्याच्या मोबदल्यात सुटका, हा सौदा त्यांनी पुष्कळदा पाहिला होता. आपल्याच माणसाच्या तोंडून मात्र पहिल्यांदा ऐकत होत्या.

"भाऊ, पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्या मला."

"कशाला ताणतेस? पोरीचीच नाचक्की होईल."

"होऊ द्या. पण ज्याची व्हायची त्याचीच होऊ द्या."

केतकी जिना उतरताना रडत होती. मावशीनं हात धरला तर तिनं तो सोडवून घेतला.

३

घरी आल्यावर प्रमिलाताईंनी लाल रेघ मोठी करून घेतली आणि चष्मा पुसून साक्षीदाराची जबानी वाचावी तशी ती वाचू लागल्या.

उदयरावांनी जाता जाता एक पिल्लू सोडलं होतं, गावातल्याच कुणीतरी वाट विकली असेल. ते पहिल्या नजरेतच निकालात निघालं. पायथ्याकडून वर येणारी रेघ कोंडाच्या घरांपर्यंत जातच नव्हती. किशोरचं घर टाळून, मागच्या उतारावरून सड्यावर चढली होती. गावच्या माणसाला आपलं गाव टाळायचं काय कारण? आणि अनोळखी माणसानं तर पाणी प्यायला आधी घरच गाठलं असतं. घरं चुकवतो तो ओळखीचा माणूस.

मग त्यांनी जाहिरातीतला फोटो पाहिला. तोच सडा, तोच कलता खडक, पण खडकाच्या पायाशी ओल होती आणि त्या ओलीत इवलीइवली निळी फुलं. सीतेची आसवं. पौषात तो कातळ तव्यासारखा काळा आणि कोरडा असतो. ही फुलं पावसानंतरची, फार तर नवरात्रापर्यंत टिकणारी; आणि त्याआधी भर पावसात ती घळ उतरताच येत नाही.

"केतकी!" त्यांनी हाक मारली. "अगं, ही वाट पौषात टिपलेलीच नाही! नवरात्रात कुणीतरी गुपचूप जाऊन आलंय. तुझ्या घड्याळाचा संबंधच नाही!"

केतकीच्या चेहऱ्यावर हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. ती नुसती "हं" म्हणाली आणि आत गेली.

तेव्हा प्रमिलाताईंना आठवलं. नवरात्रात केतकी सुट्टी काढून पुण्याला गेली होती. त्यांनी सहज म्हणून पुण्याला बहिणीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "नवरात्रात पोरगी आली होती, तेव्हा बारीक वाटली का गं तुला?"

"नवरात्रात?" बहीण म्हणाली. "ती कुठे आली होती नवरात्रात?"

४

प्रमिलाताईंचा तो दिवस वाईट गेला. कोर्टात परक्याची उलटतपासणी घेणं सोपं. घरात आपणच वरण-भात वाढलेल्या पोरीला काय विचारायचं? शेवटी त्यांनी सरळच विचारलं.

केतकीनं मान खाली घातली. "हंपीला गेले होते. अभिजीतबरोबर. आईला सांगू नकोस, प्लीज."

"कोण अभिजीत?"

"मावशी, ती वेगळी केस आहे."

हंपीचे फोटो निघाले. अभिजीतही निघाला, उंच आणि घाबरट दिसणारा. प्रमिलाताईंना इतकं हायसं वाटलं की रागवायचं राहूनच गेलं. पण केतकी म्हणाली, "तुलाही वाटलं ना, मीच असेन?" संशय हा फार घाण पाहुणा असतो. एकदा घरात शिरला की प्रत्येकाच्या ताटात हात घालतो.

"एक सांग," त्या विषय बदलत म्हणाल्या. "देवराईपाशी ही रेघ बघ. आपण मधून जातो, सावलीतून. ही बाहेरून का गेलीय?"

आत्तापर्यंत ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांना नुसती टोचत होती. वाट देवराईतूनच जाते. चपला हातात घ्यायच्या, देवापुढे वाकायचं आणि पलीकडे घळीशी निघायचं. लाल रेघ मात्र राईच्या तोंडाशी येऊन थांबली होती, आणि मग उघड्या कातळावरून भला मोठा वळसा घालून घळीत उतरली होती.

"ट्री कव्हरमध्ये सिग्नल भरकटतो," केतकी म्हणाली, आणि लगेच स्वतःच मान हलवली. "नाही. भरकटला तर वेडावाकडा जाईल. हा नीट चाललेला माणूस आहे. आणि सुरुवातीला बघ, इथं तो बराच वेळ उभा राहिलाय."

"तू एकटी असतीस तर कुठून गेली असतीस?"

"मधूनच ना. उन्हात कोण मरेल?"

हाच प्रश्न घेऊन प्रमिलाताई नल्लकुंट्याला उदयरावांकडे गेल्या. उदयराव गादीवर लोळत होते.

"वकीलबाई, मी कुठला देव मानतो? सरळ आरपार जाईन. चपलाही काढत नसतो, तुम्ही लोक बघता म्हणून काढतो." मग हसून म्हणाले, "आणि नवरात्रात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला हिरवी पट्टी. तुम्हीच नव्हता का खिचडी घेऊन आल्या? माझ्यावर शक असेल तर साफ बोला, परेशान होऊ नका."

खरंच, खिचडी त्यांनीच नेली होती.

उरला ओंकार. नवरात्रात तो पुण्याला होता, बायकोच्या बाळंतपणासाठी. पुण्याहून वरचा कोंड किती लांब? दोन दिवसांत जाऊन येण्यासारखा.

"काकू, लिटरली हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपत होतो मी," ओंकार कळवळून म्हणाला. मांडीवरची मुलगी त्याची कॉलर चोखत होती. "दिवसरात्र तिथेच. मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन सरळ गणपतीच्या देवळात. सासूबाई ओरडल्या, सोयर आहे म्हणून. मी म्हटलं, देवाला काय प्रॉब्लेम आहे?"

"आणि देवराईतून?"

"आरपार. का?"

तिघेही आरपार जाणारे. मग रणरणत्या कातळावरून वळसा घालणारा तो कोण? प्रमिलाताई रिक्षात बसल्या आणि घर येईपर्यंत त्यांना काहीच सुचलं नाही.

५

उत्तर दारात आलं.

शेजारची प्रणिता नेहमी घरात घुसूनच बोलायची. त्या दिवशी मात्र उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "काकू, यंदा मार्गशीर्षाच्या हळदीकुंकवाला बोलावत नाही. चुलतसासरे गेले. सुतक आहे."

"अगं मग आत ये ना."

"नक्को. इथूनच दिसतं तुमचं देवघर. सुतकात बरं नाही." आणि तिनं बाहेरूनच, देवाकडे बघत, हात जोडले. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग वळून, भिंतीच्या कडेनं गेली.

प्रमिलाताई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या.

राईच्या तोंडाशी थांबलेला. हात जोडून उभा राहिलेला. आणि मग बाहेरून वळसा घालून गेलेला. तो माणूस देव न मानणारा नव्हता. देव फार मानणारा होता, म्हणूनच आत गेला नव्हता. त्याला सुतक होतं.

आणि यंदाच्या नवरात्रात, पाचांपैकी एकाच घरी सुतकापायी घट बसले नव्हते. पायपीट मंडळाच्या भोंडल्यात त्या घरची खुर्ची रिकामी होती. "नांदेडला चुलतभाऊ गेला, मी दिवसांना जातोय," असं सांगून तो माणूस गेला होता, आणि सगळ्यांनी हळहळून माना डोलावल्या होत्या.

"नाही," प्रमिलाताई मोठ्यानं म्हणाल्या. घरात कुणी नव्हतं.

त्यांनी नांदेडला सुजाता कंधारकरांना फोन लावला. गेलेल्या चुलतभावाची ही बायको. तिच्या घराची केस एकदा प्रमिलाताईंनी लढवली होती. उशिरा समाचाराला फोन केल्याबद्दल माफी मागितली. दोघी थोडं रडल्या.

"भाऊंचा आधार झाला असेल ना तुम्हाला, ते दिवसांना आले होते तेव्हा?"

"नरहरभावजी? ते कुठे आले, प्रमिलाताई? गुडघे धरलेत, प्रवास झेपत नाही म्हणाले."

६

रविवारी प्रमिलाताई सगळ्यांच्या आधी पोचल्या. नरहरभाऊंनी स्वतः चहा केला. ओट्याशी उभी ती वाकलेली पाठ बघून त्यांना वाटलं, उठावं आणि घरी जावं. आपलं चुकलं असेल. पण केतकीनं सोडवून घेतलेला हात आठवला.

कोर्टातली एक युक्ती त्यांना ठाऊक होती. "तू गेला होतास का?" असं विचारलं तर साक्षीदार नाही म्हणतो. गेलाच होता असं धरून चाललं तर तो आपली बाजू मांडायला धावतो, विशेषतः जिथं आपण बरोबर वागलो असं त्याला वाटत असतं.

"भाऊ," कप ओठांना लावत त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही एवढे देवाधर्माचे. मग देवाला पाठ दाखवून, राईच्या बाहेरून कसे गेलात?"

"सुतकात आत कसा जाणार?" नरहरभाऊ दुखावून म्हणाले. "हात जोडले होते मी, बाहेर उभं..."

वाक्य तिथंच मेलं.

"सुमित?" प्रमिलाताईंनी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. सुमित त्यांचा एकुलता एक मुलगा; भाऊ शपथ मोडतील तर त्याच्यासाठीच, हे प्रमिलाताईंना ठाऊक होतं. कितीतरी वर्षं बापाशी बोलत नव्हता. बंगळूरला नोकरीत आहे असं भाऊ सांगायचे. 'हटके पाऊल' त्याचंच होतं.

"त्यानं आपणहून फोन केला गं," नरहरभाऊ म्हणाले. "बाबा म्हणाला. लहानपणी मी त्याला त्या वाटेच्या गोष्टी सांगायचो. म्हणाला, एकदा दाखवा. दोन दिवस माझ्या शेजारून चालला, प्रमिला. घळीत उतरताना माझा हात धरला. हातातला फोन दिसत होता मला. काय करतोय तेही कळत होतं. पण थांब म्हटलं असतं तर हात सुटला असता."

प्रमिलाताईंचे डोळे भरून आले. इथवर त्या त्यांना माफही करू शकल्या असत्या. बापाचं आतडं कुणाला कळत नाही?

"आणि केतकी?"

ते बशी पुसू लागले.

"तिचं घड्याळ तुम्ही स्वतःच्या हातानं काढून घेतलं होतंत. ती निर्दोष आहे हे या जगात एका माणसाला नक्की ठाऊक होतं, तुम्हाला. आणि तुम्हीच तिला म्हणालात, चूक कबूल कर."

"ती लहान आहे. पुण्याला जाईल, लग्न होईल, विसरून जाईल. मला एकच मुलगा आहे." त्यांनी हात पुढे केला. "तू गप्प राहा. एवढ्या वर्षांच्या ओवाळणीत तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतो."

"शपथ मोडलीत भाऊ," प्रमिलाताई म्हणाल्या. "गाव विकलंत, पोरीचा बळी द्यायला निघालात. एक सुतक तेवढं पाळलंत."

दारावरची घंटा वाजली. उदयराव, ओंकार आणि सगळ्यांच्या मागून, मान खाली घालून, केतकी आत आली. नरहरभाऊंनी कप खाली ठेवला, घसा साफ केला, आणि त्या वर्ग शांत करणाऱ्या आवाजात म्हणाले, "तर मग केतकी, काय ठरवलंस तू?"

अजूनही! शेवटची संधी होती त्यांची, आणि त्यांनी ती अशी वापरली. प्रमिलाताईंच्या मनात जे काही थोडं शिल्लक होतं ते त्या वाक्यानं संपलं.

"तिनं काही ठरवायचं नाही," त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. फुलांपासून सुरुवात केली. मग टाळलेली घरं, मग वळसा, मग न बसलेले घट, मग नांदेड. कोर्टात बोलायच्या तशा, आवाज न चढवता. उदयरावांचा एवढ्या वर्षांचा प्रतिस्पर्धी त्यांच्यासमोर उघडा पडत होता, पण त्यांना आनंद झालेला दिसला नाही. "हौ, बस्स करा वकीलबाई," एवढंच ते पुटपुटले आणि खिडकीकडे वळले. नरहरभाऊ एकदाही "खोटं आहे" म्हणाले नाहीत.

तिथूनच प्रमिलाताईंनी सुमितला फोन लावला. "मी प्रमिलाआत्या. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर शेकोट्या पेटवायची जाहिरात आहे तुझी. वनखात्याला आज कळवतेय, आणि कोर्टाचं बघायला मी अजून म्हातारी झालेली नाही." दुपारपर्यंत जाहिरात उतरली. कॅम्पही रद्द झाला.

किशोरला त्यांनी सगळं खरं सांगितलं, नावासकट. तो म्हणाला, "नरहरगुरुजी? माझ्या पोराच्या पाटीवर पहिलं अक्षर त्यांनी काढलंय, ताई." आणि शेवटी, "केतकीला घेऊन या तुम्ही पौषात. गावाला मी सांगतो. पण गुरुजींना आणू नका."

केतकी मावशीच्या शेजारी चालत घरी आली. वाटेत तिनं आपणहून हात धरला. घरात शिरल्यावर प्रमिलाताई सरळ न्हाणीघरात गेल्या. सकाळी आंघोळ झाली होती. तरी बादली भरली, आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून गार पाण्याचा तांब्या ओतला. मग दुसरा.

बाहेर आल्या तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं. केतकी घाबरून उभी राहिली. अशी आंघोळ कधी करतात हे तिला या आठवड्यातच, प्रणिताकडच्या सुतकावरून, समजलं होतं.

"मावशी? कोण गेलं?"

प्रमिलाताईंनी पदराचं टोक पिळलं.

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या.